इंटरव्हलला निलंबन, क्लायमॅक्सला पिस्तूल

दर पोलिसपटात तेच! इंटरव्हलला हवालदार-मित्राचा मुडदा, लगेच हीरो निलंबित. अहो, निलंबित झाला की सरकारी पिस्तूल जमा होतं; मग क्लायमॅक्सला ते कमरेत उगवतं कुठून? मॅगझिनमध्ये गोळ्या १३, पडद्यावर सुटतात ५०. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं. इथे दोन गाणी होईपर्यंत तो गोदामात उलटा टांगलेला. आणि गोव्यातला पाठलाग तर विचारूच नका! पणजीच्या अटल सेतूवर बुलेट दामटतात, जिथे दुचाकींना मुळात बंदी. पुढच्याच शॉटला दूधसागर! अरे बाबा, तिथे कुळेहून जंगलातली जीप करावी लागते, तीही पावसाळ्यात बंद. खलनायक मंत्रीच निघणार, हे तर पोस्टरवरच कळतं.