प्रतिक्रियेला उत्तर: बीटा पिक्टोरिसचा 'तो ठिपका'

बीटा पिक्टोरिस ताऱ्याजवळच्या ठिपक्याला ग्रह म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर शब्द आवरले नसते, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

आधी माझी चूक. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याचं वय मी १.२ कोटी वर्षं लिहिलं होतं. तो जुना अंदाज. आता ते २ कोटींच्या आसपास मानतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "एका ठिपक्याला ग्रह म्हणून वाचकांना फसवणं बंद करा, फोमलहॉटसारखी हीसुद्धा धूळच निघेल" हे काय लिहिणं झालं? (फोमलहॉट हा दुसरा एक तारा, त्याच्याजवळच्या ठिपक्यालाही आधी ग्रह म्हटलं गेलं होतं.) शंका जरूर घ्या. फसवणूक म्हणताना काही वाटलं नाही तुम्हाला?

गेली १८ वर्षं मी दुर्बिणीला कॅमेरा लावून रात्री जागवतोय. खोटा ठिपका कसा असतो ते मला तुम्ही शिकवू नये. दुर्बीण जराशी हलवली की फोटोतले सगळे तारे सरकतात आणि हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दोषामुळे उगाच चमकणारा ठिपका, तेवढा जागच्या जागी अडून बसतो. असे ठिपके मी शेकड्यांनी पुसलेत.

हा ठिपका तसा नाही. २००३ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं तो ताऱ्याच्या एका बाजूला टिपला. २००९ च्या सुरुवातीला पाहिलं तर दिसेना, कारण ताऱ्याच्या फार जवळ गेला होता. त्याच वर्षी नंतर तो दुसऱ्या बाजूनं बाहेर आला! मागच्या आकाशातला एखादा तारा असा फेरी मारत नाही. आणि या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीला आलेल्या वाकडेपणावरून तिथे मोठा ग्रह असावा, असं गणित १९९७ मध्येच मांडलेलं होतं.

फोमलहॉटचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ती धूळच निघाली. पण ती अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात दिसतच नव्हती, आणि पसरत पसरत विरून गेली. हा ग्रह अवरक्तातच झळकतो, त्याच्या वर्णपटात कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ सापडली आहे. २०१४ मध्ये तर त्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग मोजला, सेकंदाला २५ किलोमीटर. म्हणजे तिथला दिवस जेमतेम आठ तासांचा. धुळीच्या ढगाला दिवस असतो का हो?

बाकी शीर्षक भडक, भाषा भावुक वगैरे, त्यावर बोलायचं नाही. याच ताऱ्याच्या दुसऱ्या ग्रहावर वेगळा लेख येतोच आहे.

यापुढे प्रश्न विचारा, जमेल तेवढं उत्तर देईन. आरोप करायचा असेल तर आधी २००३ आणि २००९ ची छायाचित्रं शेजारी ठेवून बघा.