पाच मिलिव्होल्टांचे लाड

आमच्या वडिलांकडे सुटकेसच्या आकाराचा रेकॉर्ड प्लेअर होता. झाकण उघडावे, तबकडी ठेवावी आणि पिन टेकवावी, की गाणे सुरू होई. जोडायची वायर एकच, तीही भिंतीतल्या सॉकेटला. या संस्कारात वाढल्यामुळे, पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून एक जपानी टर्नटेबल घरी आणले तेव्हा ते हॉलमधल्या स्टीरिओ रिसीव्हरला जोडणे हे दुसऱ्या चहाच्या आत उरकण्याचे काम आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

टर्नटेबलच्या पाठीतून तीन वायरी निघत होत्या. लाल उजव्या बाजूची आणि पांढरी डाव्या बाजूची, इतपत ज्ञान मला होते. तिसरी हिरवी, शेवयीसारखी बारीक आणि टोकाला दुभंगलेली होती. ती कारखान्यात कापायची राहून गेली असावी, असे ठरवून मी तिची गुंडाळी केली आणि वर चिकटपट्टी लावली.

रिसीव्हरची पाठ पाहण्यासाठी तो शोकेसमधून अर्धा बाहेर ओढावा लागला. मागे दोन वर्षांपूर्वी हरवलेला कॅरमचा स्ट्रायकर सापडला, हीच काय ती त्या दिवसाची निर्विवाद कमाई. टीव्ही, सीडी, टेप अशी एकेकाच्या नावाची छिद्रे होती आणि शेवटी, ज्याचे कोणी नाही त्याच्यासाठी असावे तसे, ‘ऑक्स’ होते. मी लाल-पांढरी जोडी तिथे खुपसली आणि पिन टेकवली. आवाज आला, पण शेजारच्या घरात कोणीतरी उशीखाली गात असल्यासारखा. मी आवाजाची कळ शेवटापर्यंत फिरवली, तरी स्पीकरपेक्षा पिनेतूनच गाणे अधिक स्पष्ट ऐकू येत होते. मग काहीतरी करायचे म्हणून मी शेजारचे बटण दाबले. ते रेडिओचे होते. खतांची जाहिरात त्या पूर्ण उघडलेल्या कळीतून अशी काही कोसळली की खालच्या मजल्यावरचे जोशी चपला न घालता वर आले.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने माझी कैफियत ऐकून एकच प्रश्न विचारला, “मागे फोनो लिहिलंय का?” नव्हते. मग त्याने जे सांगितले त्यावरून मला प्रथमच कळले की, ज्याच्यापुढे मी इतकी वर्षे हात जोडत आलो ते संगीत पिनेतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट इतकेच बाहेर पडते. सीडी प्लेअर सुमारे दोन व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. वडिलांच्या डब्यातली सिरॅमिक जातीची पिन दांडगी होती. तिला कोणाच्या मध्यस्थीची गरज नसे. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात, कारण खर्ज पुरा कोरला तर खाच इतकी नागमोडी होते की एका बाजूवर पुरेसे गाणेच मावत नाही. आणि ऐकताना चढवलेले स्वर पुन्हा उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. हे प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1954 साली ठरवून दिले. ते उलटे सोडवायचे आणि आवाज शंभरेक पट वाढवायचा, ही दोन्ही कामे करणारी डबी म्हणजे फोनो प्रीअँप. साबणाच्या वडीएवढ्या त्या डबीसाठी मी टर्नटेबलपेक्षा जास्त पैसे मोजले.

आता गाणे भरघोस आले, पण त्याच्या मागून एक अखंड घुंकारही आला. आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. ती पंधरा वर्षे गाणे शिकली आहे. तिने मान तिरकी करून क्षणभर ऐकले आणि म्हणाली, “तंबोरा कोणी लावलाय? ही पांढरी पाच आहे, आणि तो बिचारा गातोय काळी एकमध्ये.” भिंतीतल्या विजेचे 50 हर्ट्झ पेटीवरच्या पांढरी पाच या स्वराच्या अगदी जवळ पडतात, हे मी नंतर ताडून पाहिले. तिचा कान पक्का आहे.

मी प्लग उलटा केला, पंखा आणि फ्रिज बंद केला, आणि आइस्क्रीमवरून बायकोची बोलणी खाल्ली. घुंकार तसाच राहिला. अखेर हताश होऊन पिनेच्या दांडीच्या धातूला बोट लावले, तर तो एकदम मंद झाला. बोट काढले, पुन्हा सुरू. “मग तसाच बसून राहा,” आत्या खुर्ची ओढत म्हणाली, “एक बाजू वीसेक मिनिटांचीच असते.” मी खरोखरच ती बाजू संपेपर्यंत बोट लावून उकिडवा बसलो, आणि तेवढ्या वेळात समोरच्या त्या चिकटपट्टीकडे बघण्याखेरीज मला दुसरा उद्योग नव्हता.

जे काम मी बोटाने करत होतो ते त्या हिरव्या वायरीचे होते. डबीच्या मागे जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, खूण असलेला एक इवलासा स्क्रू होता. दुभंगलेले टोक त्याखाली सरकवून दोन फेरे आवळले आणि तंबोरा थांबला. आत्याने तबकडी स्वतःच्या हाताने उलटली आणि दुसरी बाजू डोळे मिटून ऐकली.

या सगळ्या घडामोडीत रिसीव्हर भिंतीकडे तोंड करून राहिला होता. तो सरळ करायला गेलो तर काहीतरी निसटेल, या भीतीने मी त्याला अजून हात लावलेला नाही. आवाज कमी-जास्त करायचा झाला की आम्ही शोकेसच्या फटीतून हात घालून चाचपडतो, आणि रेडिओचे बटण कुठे आहे ते जोश्यांनाही आता पाठ झाले आहे.