गडद की फिका

रंगवायचीय हॉलची एकच भिंत, पण तेवढ्यावरून घरात अबोला व्हायची वेळ आलीय. नवऱ्याला हवाय गडद, थंड, निळ्याकडे झुकणारा करडा आणि मला फिका, उबदार मोतिया. 'गडद रंगाने कसं शांत वाटतं' असं त्याचं म्हणणं, आणि हे तो टीव्हीच्या वर आवाज काढून सांगतो.

शेडकार्डवरून रंग निवडणं म्हणजे पासपोर्ट फोटो बघून लग्न ठरवणं. नखाएवढ्या चौकोनात सभ्य वाटणारा रंग भिंतभर पसरला की अंगावर येतो. म्हणून सॅम्पलचे पट्टे मारून घेतले. तर पांढऱ्या भिंतीशेजारी त्याचा करडा होता त्याहून काळा दिसायला लागला (मला आनंद) आणि माझा मोतिया पिवळट, जुनाट (त्याला आनंद). पेंटर म्हणाला थांबा जरा, वाळू द्या, इमल्शन वाळल्यावर अजून गडद होतं. अजून!

खरी मजा दिवे लावल्यावर. २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावला की मोतिया एकदम खुलतो आणि करड्यातला निळा कुठे जातो कळत नाही, ६५०० चा पांढरा लावला की करडा रुबाबदार आणि माझा रंग आजारी. हे कळल्यापासून नवरा गुपचूप बल्ब बदलतो आणि कोणी मत द्यायला येणार असलं की मी ते परत बदलते.

मग त्याने एलआरव्ही शोधून काढलं, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, शून्य म्हणजे ठार काळा आणि १०० म्हणजे पांढराशुभ्र. त्याच्या करड्याचा निघाला १२, माझ्या मोतियाचा ७८. म्हटलं बघ, माझा डिस्टिंक्शनमध्ये आलाय, तुझा नापास. तेव्हापासून तो विषय तो काढत नाही.

पेंटर बिचारा विचारतोय, गडद असेल तर प्रायमरपण करडाच मारू, पण आधी ठरवा तरी. फिनिश मॅट, म्हणजे बिनचकाकीचं हवं, एवढं एक मात्र आमचं जमलं. त्यावर पेंटर म्हणाला, गडद मॅटवर हात घासले की चकाकणारे डाग पडतात, लगेच दिसतात. आमची धाकटी भिंतीला हात घासल्याशिवाय चालतच नाही, म्हणजे एक मत मला आयतंच मिळालं. नवरा सध्या तिला खोलीच्या मधून चालायला शिकवतोय.