‘दर्शनी रॅकवर नव्वदच्या दशकातला कचरा’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू सविस्तर वाचला. तुमचं म्हणणं असं, की सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकलं की समोर दिसतो तो नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा कचरा. अंगभर खिसे आणि पट्टे, दातओठ खाणारे चेहरे, माणसापेक्षा मोठ्या बंदुका आणि पाय काढता न येणारे चित्रकार. चांगली पुस्तकं मात्र आतल्या खोलीत. शिवाय १९९१ सालचा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक तुम्ही विकायला आणला, त्याचे मी ऐंशी रुपये सांगितले, ही तुम्हाला फसवणूक वाटली. उत्तर इथेच देतो, कारण हे प्रश्न काउंटरवरही बरेच जण विचारतात.

आधी पैशांचं. तुमचा अंक मॅग्नेटो या खलनायकाच्या मुखपृष्ठाचा. हा अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला. पहिली चार शेजारी शेजारी ठेवली की सलग एक चित्र होतं, आणि पाचव्यात तेच चित्र घडीच्या पानावर अख्खं मिळतं. आतली गोष्ट पाचांतही तीच. म्हणून एकेका माणसाने पाच-पाच प्रती घेतल्या. ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पुढे मोठा भाव येईल या आशेने लोकांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. जी वस्तू सगळ्यांनीच जपून ठेवली तिला भाव येणार कुठून? ‘एक्स-फोर्स’चा पहिला अंक त्याच वर्षी पिशवीत सीलबंद आला, आत पात्रांच्या चित्रांच्या पाच कार्डांपैकी एक. पाचही कार्डं हवीत तर पाच अंक घ्या, आणि पिशवी फोडली की भाव गेला. हा फुगा फुटला तेव्हा तिकडे हजारो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये हे अंक काढणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या प्रतीच्या पिना गंजल्या आहेत, मधलं पान सुटलंय. ती मी सव्वाशेच्या वर विकू शकत नाही. ऐंशी हा रास्त भाव आहे आणि तोच राहील.

आतल्या खोलीचं कारण साधं आहे. तिथे मराठी कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत. ती घ्यायला येणारा माणूस नाव ठरवून येतो आणि विचारतो. कॉमिक्स विचारत कुणी येत नाही, ती दिसावी लागतात.

आता ‘कचरा’. या शब्दाला सविस्तर उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही.

त्या काळाची बाजू घेणारे लोक सहसा त्याच दशकातली मान्यवर नावं पुढे करतात. १९९४ चं ‘मार्व्हल्स’ घ्या, अ‍ॅलेक्स रॉसने प्रत्येक पान रंगवलेलं. १९९३ साली कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी उभं केलेलं माइलस्टोन हे प्रकाशन आणि त्यांचा ‘स्टॅटिक’ घ्या. दोन्ही उत्तमच आहेत, माझ्याकडे आहेत, जरूर वाचा. पण त्यांच्या आड उभं राहून मला बोलायचं नाही. ज्यांना लोक हसतात तीच कॉमिक्स मला आवडतात. खिसेवाली, पट्टेवाली, दातओठ खाणारी.

आमची पिढी वेताळ आणि मँड्रेकवर वाढली. इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद झालं आणि हातात काही उरलं नाही. मग रद्दीच्या गठ्ठ्यांतून हे अंक यायला लागले. मुंबईहून किलोवर आलेला माल, कुठे मुखपृष्ठ फाटलेलं, कुठे कोपरा कापलेला. तिकडे पिशवीत बंद राहिलेला अंक इकडे एका वाड्यातली सगळी पोरं वाचायची. आम्ही मराठी माध्यमाचे, शेजारचे दोघे तेलुगू माध्यमाचे, एक कन्नड शाळेतला. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. तुम्ही लिहिलंय, ‘यांत गोष्ट नाही, नुसती पानभर चित्रं.’ सर, त्या पानभर चित्रांमुळेच आम्हाला गोष्ट कळत होती.

एक अंक काढून दाखवतो. ‘सुपरमॅन’चा ७५वा अंक, नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीला आला, ज्यात सुपरमॅन मरतो. काळी पिशवी, आत दंडाला बांधायची काळी फीत, म्हणून त्याची यथेच्छ टिंगल झाली. आता त्याच्या आधीचे तीन भाग क्रमाने उघडा. पहिल्यात पानावर चार-चार चौकटी आहेत. दुसऱ्यात तीन-तीन. तिसऱ्यात दोन-दोन. आणि ७५व्या अंकात चित्रकार डॅन जर्गन्सने प्रत्येक पानावर एकच चित्र ठेवलंय. डूम्सडे नावाच्या राक्षसाशी चाललेली मारामारी सुपरमॅनच्या मेट्रोपोलिस शहराजवळ येते तसतशा चौकटी कमी होतात, चित्र मोठं होतं आणि पान उलटायचा वेगही वाढतो. शेवटी दोघेही कोसळतात तेव्हा वाचायला जवळपास काही उरलेलं नसतं, फक्त बघायचं असतं. एक अक्षर न वाचता दहा वर्षांच्या पोराला हे कळतं. माझ्या दुकानात आजही कळतं, मी रोज बघतो. हे धंद्यासाठी पिशवीत घातलं गेलं हे खरं, पण आतलं काम कुणीतरी जीव ओतून केलंय हेही तितकंच खरं.

पायांबद्दल. रॉब लायफेल्डला सगळं जग हसतं. पाय धुरात लपवतो, नाहीतर ढिगाऱ्यामागे. मान्य. पण मार्व्हलची ‘न्यू म्युटंट्स’ ही मालिका हातात आली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या पानावरचा माणूस पान फाडून अंगावर येतो. १९९१ साली त्याने आणि लेखक फेबियन निसिएझाने डेडपूल उभा केला, त्याचा लाल-काळा वेश आज गड्ड्याच्या यात्रेत मुखवट्यांच्या ठेल्यावरही ओळखता येतो. बायकांची चित्रं मात्र त्या काळात बहुतेकांनी वाईट काढली, कंबर नसलेली आणि पाठ मोडलेली. तिथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि तसली मुखपृष्ठं मी दर्शनी लावत नाही.

तुमच्या ‘एक्स-मेन’ अंकाचा चित्रकार जिम ली, त्याचं एखादं पान भिंगाखाली धरा. चिलखताच्या प्रत्येक पट्टीला सावली, दगडाच्या प्रत्येक तुकड्याला कड. आमच्या घरी माग होता. जेकार्डच्या चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात, एकेक चौकोन मोजून, तशी ही पानं भरलेली. ‘एवढ्या रेघा कशाला’ असं टीकाकार विचारतात. मागावर वाढलेल्या माणसाला त्या रेघांमागची मेहनत दिसते.

आणि ‘स्पॉन’ या नायकाचा झगा. त्याचा चित्रकार टॉड मॅकफार्लेनने तो कधी माणसाच्या उंचीचा ठेवलाच नाही, अख्ख्या पानाला वेढतो. १९९२ चा पहिला अंक, सुमारे १७ लाख प्रती, गुळगुळीत कागद, स्टीव्ह ऑलिफचे संगणकावर भरलेले रंग. वर्तमानपत्री कागदावर ठिपक्यांचे रंग बघायची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना तो लाल रंग सोसेना. शहराच्या पूर्व भागात गणपतीच्या देखाव्याचे पडदे रंगवणारे एक पेंटर माझ्याकडून ते अंक भाड्याने नेतात. गेल्या खेपेला महिषासुराच्या मागे त्यांनी जे वस्त्र सोडलं होतं, त्याच्या चुण्या थेट त्या झग्याच्या होत्या. लोक थांबून बघत होते.

टिंगल करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९३८ साली सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले आणि आयुष्यभर हळहळले. १९९२ साली मॅकफार्लेन, ली, लायफेल्ड, लार्सन, सिल्व्हेस्ट्री, व्हॅलेंटिनो आणि पोर्टासिओ हे मार्व्हलचे सात गाजलेले चित्रकार उठले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढलं. मुख्य नियम असा, पात्र ज्याने घडवलं त्याच्या मालकीचं. त्यांचे अंक वेळेवर निघायचे नाहीत, गोष्टी कच्च्या असायच्या, सगळं कबूल. पण एरिक लार्सन त्याच वर्षी सुरू केलेला ‘सॅव्हेज ड्रॅगन’ आजही स्वतः लिहितो आणि काढतो, त्यातली माणसं वाचकांबरोबर वयाने वाढतात, त्यांची पोरं मोठी होतात. ज्या पोरांना ‘पैशांमागे लागलेले’ म्हणून हसलं गेलं, त्यांनीच पुढच्या चित्रकारांना हक्काची जागा करून दिली. मजुरीवर नक्षी काढून देणाऱ्या आणि तिच्यावर नाव न लागणाऱ्या माणसांच्या गावात मी दुकान चालवतो. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की असल्या हिंसक गोष्टी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ‘स्पॉन’ आणि त्या जातीचे अंक वरच्या फळीवर आहेत, शाळेच्या गणवेशातल्या मुलाला मी ते देत नाही. खालच्या दोन फळ्यांवर ‘सुपरमॅन’, ‘स्पायडर-मॅन’ आणि गॉथम कॉमिक्सने पुढे भारतात छापलेले स्वस्त अंक आहेत.

रॅक जिथे आहे तिथेच राहील. आतल्या खोलीतल्या पुस्तकांची यादी मात्र आता दारावर लावतो, म्हणजे तुमच्यासारख्यांना शोधावं लागणार नाही. पुन्हा आलात तर सुपरमॅनचे ते चार अंक क्रमाने काढून ठेवतो. विकत घ्यायची गरज नाही, बाकावर बसून वाचा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेवढी वेळ टाळून या.