‘जास्त ताकदीची’ म्हणजे चांगली, असं नाही

केसगळती आणि वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या औषधांबद्दलच्या एका लेखात सल्ला दिलाय: फिनास्टेराइड सोडून ‘जास्त ताकदीचं’ ड्युटास्टेराइड घ्या. हा सल्ला अर्धवट आहे. डीएचटी हे केस गळवणारं, प्रोस्टेट वाढवणारं हार्मोन; ते बनवणाऱ्या एन्झाइमचे मुख्य प्रकार दोन. फिनास्टेराइड मुख्यतः टाइप 2 अडवतं, त्याने रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्के उतरतं. ड्युटास्टेराइड दोन्ही प्रकार अडवतं, उतार 90 टक्क्यांच्या वर. केसांवर हा फरक दिसू शकतो, प्रोस्टेटच्या त्रासात मात्र फारसा जाणवत नाही. शिवाय ड्युटास्टेराइडचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, जवळपास 5 आठवडे. कामेच्छा कमी झाली म्हणून गोळी थांबवली तरी औषध महिनोन्‌महिने अंगात राहतं.

लेखात पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात त्या रक्तचाचणीचा, उल्लेखच नाही, याचं नवल वाटतं. सहा महिने यातलं कुठलंही औषध घेतलं की पीएसए निम्मा दिसतो. रिपोर्टवर 2.4 म्हणजे खरा आकडा 4.8 धरायचा. लॅबवाला ‘नॉर्मल’ छापून मोकळा! केसांसाठीची फिनास्टेराइडची 1 मिग्रॅची गोळीसुद्धा डॉक्टरांना सांगाच.

इंदूरच्या दवा बाजारातून फिनास्टेराइडची 5 मिग्रॅची गोळी आणून केसांसाठी घरी चार तुकडे करणाऱ्यांनो, तुकडे सारखे पडत नाहीत, आणि तो भुगा घरातल्या गरोदर बाईच्या हाताला लागता कामा नये: मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. ड्युटास्टेराइडची कॅप्सूल तर फोडूच नये, चावूही नये. दिलेलं रक्तही गरोदर बाईला जाऊ शकतं, म्हणून रक्तदान करायचं तर फिनास्टेराइडनंतर 1 महिना, ड्युटास्टेराइडनंतर 6 महिने थांबा. सोबत टॅम्सुलोसिन (प्रोस्टेटच्या त्रासात लघवी मोकळी करणारं औषध) असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घाला.