लिझर्डफोकच्या आर्मर क्लासबद्दल खुलासा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लिझर्डफोक (सरड्यासारखी, खवलेवाली जात) मंक (चिलखत न घालता लढणारा वर्ग) घेतला की आर्मर क्लास (वार लागण्यापासून वाचवणारा आकडा) 13 + डेक्सटेरिटी (चपळाई) + विस्डम (शहाणपण) होतो, असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे.

खवल्यांचं संरक्षण 13 + डेक्सटेरिटी आणि मंकचं 10 + डेक्सटेरिटी + विस्डम, ही दोन वेगळी सूत्रं आहेत. नियमानुसार एका वेळी एकच वापरता येतं. दोन्ही मॉडिफायर (त्या गुणांमुळे मिळणारी भर) +3 असतील तर कसंही मोजा, 16च येतात. मेसेजमधले 19 नाहीत. मेज आर्मर हे संरक्षणाचं स्पेलही 13 + डेक्सटेरिटीच देतं, त्यामुळे त्यावर स्पेल स्लॉट (जादू वापरायची मर्यादित संधी) घालवू नका.

शील्डचे +2 मात्र खवल्यांवर चालतात. म्हणूनच ड्रुइडला (निसर्गाची जादू वापरणारा वर्ग) ही जात खरी शोभते: डेक्सटेरिटी +2 असली तरी चिलखताशिवाय, शील्डसह 17!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. नवे खेळाडू त्यावरून कॅरेक्टर बनवतायत.