डेट्रॉईटचे पडके महाल आणि मुंबईचा हेवा

गिरण्यांच्या जागांचा वाद निघाला की मुंबईतले मित्र मला अमेरिकेतल्या डेट्रॉईटचे फोटो पाठवतात. कोसळलेलं छत, धुळीतले खांब, फुटक्या काचांतून येणारं ऊन. खाली ठरलेली ओळ: ‘तिकडे पडक्या इमारतीसुद्धा जपतात, आपण मॉल बांधले.’ मी डेट्रॉईटच्याच उपनगरात राहतो, म्हणून खुलासा करतो.

जपलं वगैरे काही नाही. १९१३ चं मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ मध्ये बंद पडलं, मग चोरांनी त्यातलं तांबंसुद्धा सोडलं नाही. २००९ मध्ये नगर परिषदेने ते पाडण्याचाच ठराव केला होता. फोर्डने २०१८ मध्ये विकत घेतलं म्हणून २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. मिशिगन थिएटरची कथा तर आणखी भारी. १९२६ चा राजवाडी थाट, आणि आज त्याच नक्षीदार छताखाली तीन मजली पार्किंग! ते पूर्ण पाडलं नाही, कारण पाडलं असतं तर त्याला चिकटलेल्या ऑफिसच्या इमारतीला धोका होता. याला वारसाप्रेम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

इमारती उभ्या राहिल्या, कारण जागेला गिऱ्हाईक नव्हतं. १९५० मध्ये इथे साडेअठरा लाख माणसं होती, २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारही नव्हती. मुंबईच्या गिरणगावात नेमकं उलट घडलं. १९८२ च्या संपानंतर गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग ठरली. गिरण्यांच्या जमिनीचे १९९१ च्या नियमात पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, शेडखालची जमीन त्यातून सुटली. तेव्हा मॉल आले ते आपल्याला सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे, हिशेब तसा मांडला गेला म्हणून.

फोटो सुंदर असतात, ते मी नाकारत नाही. पण ते काढणारे चौकट फार बेताने धरतात. शेजारच्या घरात कुणी राहतंय, अंगणातलं गवत कापलेलं आहे, हे त्यात येत नाही, कारण आलं तर ‘ओसाड शहर’ बिघडतं. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला कात्री लागली. पेन्शनचा फोटो निघत नाही. इथल्या लोकांना या छायाचित्रकारांचा राग येतो तो उगाच नाही.

आपल्याकडची गिरण्यांच्या धुराड्यांची, म्हणजे चिमण्यांची हळहळही मला तशीच वाटते. चिमणी वाचवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरासाठी अजून ताटकळणाऱ्या गिरणी कामगारांच्या मोर्चात त्यातले किती दिसतात? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलंय. जरूर करा. त्यात साचेखातं, म्हणजे मागांचा विभाग, ठेवा, खाणावळीतली ताटं ठेवा, आणि घरांच्या सोडतीत नंबर न लागलेल्यांची यादीही भिंतीवर लावा.